गुंठ्याचा प्लॉट सातबाऱ्यावर येणार का? तुकडेबंदीचा नवा अध्यादेश आष्टी तालुक्यात कुणाला लागू, कुणाला नाही

आष्टी : दिवाळी झाली की तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरमागं ट्रॅक्टर, वर भांडीकुंडी, जळण, लहान लेकरं. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी थेट कर्नाटकात. नेमक्या ह्याच दिवसांत, नोव्हेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात, राज्य सरकारनं तुकडेबंदी कायद्यात बदल करणारा अध्यादेश काढला. गुंठा-दोन गुंठ्यांची जुनी खरेदी आता कोणतंही शुल्क न भरता नियमित होणार, अशी बातमी मोबाइलवर फिरली आणि फडातून गावाकडं फोन सुरू झाले. "आपला बॉन्डवरचा प्लॉट आता नावावर होतो का?" हा एकच प्रश्न.

उत्तर सरळ 'हो' नाही आणि सरळ 'नाही' पण नाही. जमीन कुठल्या हद्दीत आहे, कागद कसला आहे, व्यवहार कोणत्या तारखेचा आहे, ह्या तीन गोष्टींवर ते ठरतं. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या मजकुरात ह्यातली एकही गोष्ट नीट सांगितलेली नसते. काहींनी तर 'तुकडेबंदी कायदा रद्द' असंच लिहून टाकलंय. तसं झालेलं नाही.

कायदा काय होता

तुकडेबंदी कायदा १९४७ सालचा. वाटण्या होत होत शेताच्या इतक्या चिंध्या होऊ नयेत की त्यात औतही वळणार नाही, हा त्यामागचा विचार. त्यासाठी प्रमाणभूत क्षेत्र ठरवलेलं असतं. त्याहून कमी क्षेत्र म्हणजे 'तुकडा'. असा तुकडा विकायचा नाही आणि वाटणीतूनही नवा तुकडा पाडायचा नाही. पाडलाच तर तो व्यवहार कायद्यानं बाद. ८ ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनं बीडसह ३२ जिल्ह्यांसाठी हे क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असं ठरलं. ४० गुंठ्यांचा एक एकर धरला तर जिरायत अर्धा एकर आणि बागायत पाव एकर. त्याच्या खाली शेतजमिनीची खरेदी होत नाही.

कायदा शेतीसाठी होता, पण अडकली घरं. गावठाण भरून गेलं. पोरं वाढली, सुना आल्या, जुन्या वाड्याच्या भिंती पडल्या. मग घर बांधायचं कुठं? रस्त्याच्या कडेला कुणीतरी आपलं शेत पाडून गुंठा-गुंठा विकायला काढलं आणि लोकांनी घेतलं. खरेदीखत होत नव्हतं म्हणून शंभराच्या, पुढं पाचशेच्या बॉन्डवर लिहून घेतलं. दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का, चतु:सीमा, "आजपासून ताबा दिला" असं एक वाक्य, आणि व्यवहार झाला. नगर-जामखेड रस्त्यावर आष्टी आणि कडा ह्या दोन्ही ठिकाणी गावाबाहेर जी वस्ती वाढली, गाळे उभे राहिले, त्यात असल्या कागदांवरची जागा थोडीथोडकी नाही. दोन-तीन हंगामांची उचल साठवून घेतलेला गुंठा कित्येक ऊसतोड कुटुंबांची आयुष्यातली एकमेव खरेदी असते.

सातबारा मात्र मूळ मालकाच्याच नावावर राहिला. ग्रामपंचायतीत घराची नोंद झाली, नमुना नंबर ८ मिळाला, घरपट्टी सुरू झाली, लाइट आली. लोकांना वाटलं, झालं की नावावर! नमुना ८ हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नाही. बँकेत गेल्यावर हे कळतं. घरासाठी कर्ज मागा नाहीतर गाळ्यावर धंद्यासाठी मागा, बँक पहिलं खरेदीखत विचारते, मग सातबारा. दोन्ही नाही म्हटल्यावर फाइल परत. मग तोच माणूस सावकाराकडं नाहीतर मायक्रोफायनान्सच्या गटाकडं जातो आणि जास्त व्याज भरतो.

गंमत अशी की कायद्यातला मूळ दंड अडीचशे रुपयांपर्यंतचा. दंडाला कुणी भ्यायलं नाही. माणूस अडकला तो फेरफार रद्द झाल्यानं.

आतापर्यंत काय काय झालं

सरकारला हे दुखणं माहीत नव्हतं असं नाही. २०१७ साली एक वाट काढली. जुने तुकडे नियमित करता येतील, पण बाजारभावाच्या २५ टक्के रक्कम भरा. आता दोन लाखांच्या प्लॉटला पन्नास हजार कोण भरणार? फारसं कुणी पुढं आलं नाही. १५ ऑक्टोबर २०२४ ला, विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर, तेच २५ टक्के ५ टक्क्यांवर आणले.

दरम्यान १२ जुलै २०२१ ला नोंदणी महानिरीक्षकांच्या पुण्याच्या कार्यालयानं परिपत्रक काढलं होतं की मंजूर लेआउट नसेल तर एक-दोन-तीन गुंठ्यांचे दस्त नोंदवू नका. त्याविरुद्ध लोक औरंगाबाद खंडपीठात गेले आणि ५ मे २०२२ ला खंडपीठानं ते परिपत्रक रद्द ठरवलं. सरकारनं तो निकाल सहज मान्य केला नाही, वाद पुढं वरच्या कोर्टापर्यंत गेला, आणि दुय्यम निबंधक कार्यालयाच्या दारातला गोंधळ तसाच राहिला. एका कार्यालयात दस्त होतो, दुसऱ्यात होत नाही. त्यात मधल्या माणसांचं फावलं.

मग ९ जुलै २०२५ ला महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी विधानसभेत घोषणा केली की एक गुंठ्यापर्यंतचे तुकडे कायदेशीर करणार. सुमारे ५० लाख कुटुंबांना त्याचा फायदा होईल, असा अंदाज त्यांनी सांगितला. त्या वेळी तोंडी तारीख होती १ जानेवारी २०२५. ऑक्टोबरात मंत्रिमंडळाची मंजुरी झाली आणि नोव्हेंबरात जो अध्यादेश निघाला त्यात तारीख आहे १५ ऑक्टोबर २०२४. हा फरक लक्षात ठेवायला पाहिजे. भाषणातली तारीख धरून बरेच जण निवांत बसलेत. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ ह्या काळातलाच व्यवहार ह्यात बसतो. त्यानंतर केलेला बॉन्ड ह्यात नाही. आता घाईघाईनं मागच्या तारखेचा बॉन्ड करून देतो म्हणणारेही भेटतील. मुद्रांक कधी विकला गेला याची नोंद असते, आणि खोटा दस्त करणं हा फौजदारी गुन्हा आहे.

अध्यादेश म्हणजे कायमचा कायदा नव्हे. अधिवेशन चालू नसताना राज्यपालांच्या सहीनं तो निघतो. अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांच्या आत दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केलं नाही तर अध्यादेश संपतो. त्यामुळं डिसेंबर २०२५ मध्ये नागपूरला झालेल्या हिवाळी अधिवेशनात याचं विधेयक मांडावं लागणार होतं. तिथं एखाद्या शब्दाचा बदल झाला तरी गावाकडं त्याचा अर्थ बदलू शकतो, म्हणून विधेयकाचा मजकूर बघितलेला बरा.

कुणाची जमीन बसते

अध्यादेशानं सगळ्या शेतजमिनी मोकळ्या केलेल्या नाहीत. ज्या भागात शेतीऐवजी घरं, दुकानं, कारखाने होणार असं सरकारच्या नकाशात ठरलेलं आहे, त्याच भागापुरती सूट आहे. आष्टी तालुक्याच्या हिशेबानं तीन प्रकार पडतात.

पहिला, आष्टी नगरपंचायतीची हद्द. महानगरपालिका, नगरपरिषद आणि नगरपंचायत ह्या हद्दी सूट दिलेल्या यादीत आहेत. म्हणजे आष्टी शहरात, नगरपंचायत हद्दीतल्या गटात ज्यांनी गुंठा-दीड गुंठा घेतला त्यांची बाजू सगळ्यात मजबूत.

दुसरा प्रकार गुंतागुंतीचा, आणि तालुक्यातले सगळ्यात जास्त लोक ह्यातच अडकणार. प्रादेशिक योजनेत जी जमीन रहिवासी, वाणिज्य किंवा औद्योगिक वापरासाठी दाखवली आहे ती, आणि गावाच्या वा शहराच्या परिघातली जमीन. ह्या परिघाचं अंतर राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत दिलेलं आहे. ही नियमावली डिसेंबर २०२० ची, लोक तिला 'युडीसीपीआर' म्हणतात. कडा, धानोरा, दौलावडगाव, धामणगाव, टाकळसिंग अशा गावांत गावठाणाला लागून जी वस्ती वाढली ती ह्या परिघात बसू शकते. 'बसू शकते' म्हणायचं कारण हे की गट नंबरानुसार तपासल्याशिवाय कुणीही छातीठोक सांगू नये. तलाठ्यानंही नाही, आणि प्लॉट विकणाऱ्यानं तर नाहीच. त्यासाठी नगररचना विभागाच्या बीडच्या कार्यालयातून त्या गटाचा झोन दाखला काढायचा. अर्जाला सातबारा आणि गावनकाशाची प्रत जोडली की काम होतं. ह्या एका कागदावर पुढचं सगळं अवलंबून आहे, आणि आज गावात दहा जणांना विचारलं तर नऊ जणांनी त्याचं नावही ऐकलेलं नसतं.

तिसरा प्रकार म्हणजे गावापासून लांबची निव्वळ शेती. तिथं १० आणि २० गुंठ्यांचा नियम आजही जसाच्या तसा आहे. पाझर तलावाच्या खाली, वस्तीच्या वाटेवर, भावकीतल्या भावकीत पाच गुंठे घेतलेत, तर ह्या अध्यादेशाचा त्याला उपयोग नाही. शहराजवळच्या माणसाला दार उघडलं आणि खरा शेतकरी बाहेरच उभा राहिला, ही तक्रार ह्यातून होणार आणि ती चुकीची म्हणता येत नाही. पण शेतीची चिंधी होऊ नये हा मूळ हेतू धरला तर सरकारनं इथंच रेघ का ओढली तेही समजतं.

ह्या तिसऱ्या प्रकारातल्या लोकांसाठी एक वेगळी सोय १४ मार्च २०२४ च्या नियमांत झालेली आहे, ती फार थोड्यांना माहीत आहे. विहिरीसाठी जास्तीत जास्त पाच गुंठे, शेतरस्त्यासाठी लागेल तेवढी जागा, आणि ग्रामीण घरकुलाच्या लाभार्थ्याला १००० चौरस फुटांपर्यंत जागा, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन खरेदी करता येते. म्हणजे विहिरीपुरती जागा शेजाऱ्याकडून घ्यायची तर आता चोरून बॉन्ड करायची गरज नाही. घरकुल मंजूर आहे पण जागा नाही, अशा भूमिहीन कुटुंबाला पंडित दीनदयाल उपाध्याय जागा खरेदी योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी एक लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. ही योजना आणि हा नियम एकत्र धरले तर घरकुलाचं अडलेलं काम सुटतं. पंचायत समितीत हे दोन्ही एकदम विचारायला हवं, कारण एका टेबलावर एकच अर्धं सांगतात.

कागद कसला आहे

जमीन हद्दीत बसली तरी काम झालं असं नाही. पुढचा प्रश्न कागदाचा.

ज्यांचं खरेदीखत दुय्यम निबंधकाकडं नोंदवलेलं आहे, पण तुकडेबंदीमुळं फेरफार रद्द झाला, त्यांचं काम सगळ्यात सोपं. महसूल विभागाच्या सूचनेप्रमाणं असे रद्द झालेले फेरफार पुन्हा तपासून घ्यायचेत. काहींची नावं 'इतर हक्क' रकान्यात टाकलेली आहेत, ती कब्जेदार रकान्यात घ्यायची. काहींच्या सातबाऱ्यावर तुकडेबंदी कायद्याविरुद्ध व्यवहार असा शेरा आहे, तो काढायचा. ह्यासाठी शुल्क नाही. तलाठ्याकडं (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात तलाठीच म्हणतात) लेखी अर्ज द्यायचा, खरेदीखताची आणि जुन्या फेरफाराची नक्कल जोडायची आणि पोच घ्यायची. तोंडी सांगून आलेल्या कामाला पुढं कुणी वाली नसतो.

बॉन्डवाल्यांचं तसं नाही. शंभर रुपयांहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीशिवाय पक्की होत नाही, हा नियम इंग्रजांच्या काळापासून आहे. सर्वोच्च न्यायालयानंही २०११ साली स्पष्ट सांगितलं की साठेखत आणि कुलमुखत्यारपत्रावर मालकी जात नाही. नव्या अध्यादेशानं ह्यात काहीच बदललेलं नाही. नोटरीचा शिक्का असलेला बॉन्ड नेऊन 'हा नोंदवून घ्या' असंही चालत नाही. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीला द्यावा लागतो, दंड भरून आणखी चार महिने मिळतात. २०१२ चा बॉन्ड २०२५ ला नोंदणीला चालणार कसा?

म्हणजे मूळ मालकाकडून आज नवं खरेदीखत करून घ्यावं लागतं. अडचण खरी इथं आहे.

समजा, कड्याच्या बाजूला एका मजुरानं २०११ साली साठ हजाराला गुंठा घेतला. देणारा म्हातारा २०१८ ला वारला. सातबाऱ्यावर आता त्याची दोन मुलं, तीन मुली आणि बायको अशी सहा नावं वारस म्हणून लागली. नाहीतर वारस नोंदच झालेली नाही. खरेदीखत करायचं तर सहाही जणांच्या सह्या लागतात. मुली जामखेड, कर्जत, पाटोद्याला दिलेल्या. मोठा मुलगा म्हणतो, आमच्या बापानं घेतले असतील पैसे, आम्हाला काय माहीत? त्यातच आज तिथं गुंठ्याचा भाव कितीतरी पटीनं वाढलेला. सप्टेंबर २०२२ मध्ये नगरहून न्यू आष्टीपर्यंत रेल्वे आली, १७ सप्टेंबर २०२५ ला ती बीडपर्यंत गेली, आणि जमिनीचे आकडे बदलले. वारसांनी सहीसाठी वरून पैसे मागितले तर? कायदा ह्या जागी गप्प आहे. अध्यादेश तुकड्याचा दोष काढतो, विकणाऱ्याला सहीसाठी उभा करत नाही.

त्यामुळं ज्यांचा मूळ मालक हयात आहे, शब्दाला जागणारा आहे, त्यांनी हे काम पुढच्या हंगामावर ढकलू नये. म्हाताऱ्या माणसाची सही आणि अंगठा आज मिळतो तो उद्या मिळेलच असं नाही. वारस अडून बसले तर दिवाणी कोर्टाचा रस्ता आहे, पण त्यात मुदतीचा कायदा आडवा येतो, म्हणून वकिलाला जुना कागद आधी दाखवावा. पैसे दिल्याची पावती, बँकेतून दिले असतील तर पासबुक, घरपट्टीच्या पावत्या, लाइटबिल, साक्षीदार, हे सगळं एका पिशवीत बांधून ठेवायला काही खर्च येत नाही.

खर्च येतो तो मुद्रांकाचा. 'मोफत' हा शब्द ऐकून लोक फसतात. मोफत आहे ते नियमितीकरण, म्हणजे ते जुने ५ टक्के माफ झाले. खरेदीखताचं मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी भरावीच लागते. तीही २०११ च्या साठ हजारावर नाही, आजच्या सरकारी मूल्यांकनावर. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३० हजार रुपये. मुद्रांक शुल्काचा दर ग्रामपंचायत आणि नगरपंचायत हद्दीप्रमाणं वेगळा असतो. आपल्या गटाचं मूल्यांकन नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर बघता येतं. बघूनच जावं, म्हणजे दारातला माणूस सांगेल तो आकडा खरा मानायची वेळ येत नाही. दस्त झाल्यावर फेरफार धरला जातो, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते आणि मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. ऑनलाइन सातबारा १५ रुपयांत निघतो. स्वतः काढून बघावा.

सामाईक खरेदी हा आणखी एक प्रकार इकडं बराच चालतो. दहा जणांनी मिळून दहा गुंठे बागायत घ्यायचे, खरेदीखत एकच, आणि आपसात दोरी लावून एक-एक गुंठा वाटून घ्यायचा. सातबाऱ्यावर दहा नावं दिसतात, पण कोणाचा तुकडा पूर्वेला आणि कोणाचा रस्त्याला हे कुठंच दिसत नाही. एकाला कर्ज काढायचं तर बँक उरलेल्या नऊ जणांच्या सह्या मागते. अशी जमीन सूट दिलेल्या हद्दीत असेल तर आता वाटप करून स्वतंत्र नोंदी होऊ शकतात. त्यासाठी भूमी अभिलेखकडून मोजणी करून पोटहिस्सा पाडून घ्यावा लागेल, आणि मोजणीच्या दिवशी भांडण न होईल तर नवल.

घर बांधायची परवानगी वेगळी

सातबाऱ्यावर नाव आलं म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं, असंही नाही. तुकड्याचा व्यवहार नियमित होणं, जमीन बिगरशेती होणं आणि बांधकामाला परवानगी मिळणं ह्या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. महसूल कायद्याच्या कलम ४२-ड प्रमाणं गावठाणापासून २०० मीटरच्या आतली जमीन घरासाठी बिगरशेती झाली असं मानण्याची सोय २०२५ मध्ये होती, तिथं ठरलेला कर भरून सनद घेता येत होती. त्यापुढं बांधकामाची परवानगी. ओढ्यात, नाल्याच्या पात्रात घेतलेला प्लॉट तर ह्या तिन्हीत बसत नाही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत तालुक्यात पाण्यानं काय केलं ते लोक एवढ्यात विसरले नसतील. स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेला प्लॉट बहुतेक वेळा पाण्याच्या वाटेवरचाच असतो.

ड्रोन मोजणीनं जे मालमत्ता पत्रक मिळतंय ते स्वामित्व योजनेचं आणि फक्त गावठाणातल्या घरांसाठी. गटातल्या प्लॉटला त्याचा संबंध नाही. दोन्ही योजनांची सरमिसळ करून सांगणारे बरेच आहेत.

आणि देवस्थान इनाम, वक्फ, गायरान, सीलिंगमध्ये मिळालेली किंवा भोगवटादार वर्ग २ ची जमीन. तिचे कायदे वेगळे, तिला वेगळी परवानगी लागते, आणि गायरान तर विकायचीच नाही. तुकडेबंदी शिथिल झाली म्हणून ह्या जमिनीतला प्लॉट पवित्र होत नाही. मराठवाड्यात निजामाच्या काळापासूनच्या इनामी जमिनी गावोगाव आहेत. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग काय लिहिलाय आणि 'इतर हक्क' रकान्यात काय आहे, हे वाचल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

प्लॉटिंगच्या धंद्यावर काय परिणाम

बाजारात दोन गोष्टी आता एकदम होणार. सूट दिलेल्या हद्दीतला, खरेदीखत होणारा गुंठा महाग होणार, कारण त्यावर कर्ज मिळेल. गाळेवाल्यांना तर त्याचा सरळ फायदा. दूध डेअरी, खताचं दुकान, गॅरेज, हार्डवेअर असा धंदा करणाऱ्याला स्वतःच्या गाळ्यावर बँकेचं खेळतं भांडवल उचलता येईल. आजपर्यंत तोच गाळा कागदोपत्री दुसऱ्याच्या शेतात उभा होता.

दुसरी गोष्ट धोक्याची. हद्दीबाहेरची शेती 'आता गुंठा नावावर होतो' असं सांगून विकली जाणार. रेल्वे स्टेशनच्या बाजूला, नाहीतर नव्या रस्त्याच्या कडेला चुन्याच्या रेघा मारून, चार झेंडे लावून प्लॉट विकायला काढलेले दिसतात. स्टेशन झालं म्हणून शेत आपोआप रहिवासी झोनमध्ये जात नाही. प्लॉट पाडून विकायचे तर मंजूर लेआउट लागतो. ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त जागेत किंवा आठपेक्षा जास्त प्लॉट असतील तर नियोजन क्षेत्रात महारेराची नोंदणीही लागते. विकणाऱ्याकडं लेआउटचा मंजूर नकाशा, बिगरशेती आदेश आणि महारेरा नंबर मागावा. 'प्रोसेसमध्ये आहे' हे उत्तर आलं तर इसार खिशातच राहू द्यावा.

चोख काम करणाऱ्या विकासकालाही ह्यात एक दुखणं आहे आणि ते खोटं नाही. त्यानं बिगरशेती केलं, दहा टक्के खुली जागा सोडली, रस्ते टाकले, नाल्या केल्या, म्हणून त्याचा प्लॉट महाग. शेजारच्यानं काहीच न करता बॉन्डवर विकलं आणि आता त्याचे तुकडे नियमित झाले. त्या शेजारच्या वस्तीत रस्ता आठ फुटांचा आहे, तिथं अॅम्ब्युलन्स वळत नाही आणि पावसाळ्यात पाणी कुणाच्या अंगणात सोडायचं यावरून दरवर्षी पोलीस स्टेशन होतं. ती रुंदी अध्यादेशानं वाढत नाही. नगरपंचायतीला आणि ग्रामपंचायतींना पुढं हीच वस्ती रस्ता, पाणी, गटार मागणार, आणि आता सातबारा हातात घेऊन मागणार.

सध्या तालुक्यात अडचण माणसांची आहे. घेणारा फडात, देणाऱ्याचा एक मुलगा पुण्यात, मुली सासरी. टोळ्या मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. दस्तासाठी दोन्ही बाजू निबंधकासमोर लागतात, नाहीतर रीतसर मुखत्यारपत्र लागतं. तोवर घरी राहिलेल्या माणसाला करता येण्यासारखी कामं अशी : झोन दाखल्याचा अर्ज, मूळ मालकाच्या सातबाऱ्यावर वारस लागलेत का ते बघणं, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा चढलाय का ते तपासणं. हा बोजा अनेकांना शेवटच्या दिवशी कळतो. मालकानं अख्ख्या गटावर पीककर्ज काढलेलं असतं आणि त्यात ह्यांचा गुंठाही गहाण पडलेला असतो. सोसायटीचा बेबाकी दाखला मिळून बोजा उतरल्याशिवाय खरेदीचं काम पुढं सरकणं कठीण, आणि कर्जमाफीची वाट बघत थकलेली खाती तालुक्यात कमी नाहीत.